दारातून, नाही तर खिडकीतून

२१ जानेवारी २०२५ रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने पंधरा वर्षे रेंगाळलेल्या एका प्रकरणावर अखेरचा निकाल दिला. त्याच महिन्यात आपल्या देशात एका वेगळ्याच विषयावर वाद रंगला होता. लार्सन अँड टुब्रो कंपनीचे अध्यक्ष श्री. एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी आठवड्याला ९० तास कामाचा पुरस्कार केला होता आणि आपण कर्मचाऱ्यांकडून रविवारी काम करून घेऊ शकत नाही याबद्दल खेद व्यक्त केला होता. त्याआधी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, इन्फोसिसचे संस्थापक श्री. नारायण मूर्ती यांनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचा सल्ला दिला होता. दोन्ही विधानांवर विनोद झाले, व्यंगचित्रे निघाली आणि काही दिवसांनी सर्वांना त्यांचा विसर पडला. पॅरिसच्या निकालाकडे मात्र आपल्याकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही. आमच्या मते आपल्या घरातील नोकरी करणाऱ्या मुलामुलींच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा होता. कर्मचाऱ्यांना जगणे नकोसे करून घालवून देणे हे कंपनीचे धोरणच असेल, तर ते धोरण आखणारे गुन्हेगार ठरतात, असे त्या निकालाने कायमचे ठरवले.

प्रकरण फ्रान्स टेलिकॉम या दूरसंचार कंपनीचे होते. आज ती ऑरेंज या नावाने ओळखली जाते. आपल्याकडील जुन्या टपाल व तार खात्याप्रमाणे तीही एके काळी सरकारी खातेच होती. १९९७ साली तिचे समभाग बाजारात आले आणि २००४ साली सरकारचा हिस्सा निम्म्यापेक्षा खाली गेला. दरम्यान मोबाइल आणि इंटरनेटच्या स्पर्धेत परदेशी कंपन्या विकत घेण्याच्या हव्यासापायी तिच्यावर ६० अब्ज युरोहून अधिक कर्जाचा डोंगर चढला होता. खर्च कमी करणे भाग होते, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु कर्मचाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक खात्याच्या काळातले, म्हणजे सरकारी सेवकाचा दर्जा असलेले होते. त्यांना कामावरून काढून टाकण्याचा अधिकार व्यवस्थापनाला नव्हता.

सगळ्या प्रकरणाची मेख येथे आहे. २००६ ते २००८ या तीन वर्षांत सुमारे १,२०,००० कर्मचाऱ्यांपैकी २२,००० कमी करायचे आणि आणखी १०,००० जणांना दुसऱ्या कामावर हलवायचे, असे ठरले. काढता येत नाही आणि कमी तर करायचे आहेत. मग त्यांनी आपण होऊन जावे अशी परिस्थिती निर्माण करायची. कंपनीचे तत्कालीन प्रमुख श्री. दिदिए लोम्बार यांनी ऑक्टोबर २००६ मध्ये वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बैठकीत सांगितले की, २००७ मध्ये ही माणसे कोणत्याही मार्गाने जातील, खिडकीतून किंवा दारातून. तेरा वर्षांनी हेच वाक्य न्यायालयात वारंवार वाचले गेले.

परिस्थिती निर्माण करायची म्हणजे काय, हे तपशिलात पाहणे आवश्यक आहे, कारण यांपैकी अनेक गोष्टी आपल्या वाचकांना ओळखीच्या वाटतील. तारा जोडण्यात आणि यंत्रे दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेल्या तंत्रज्ञांना कॉल सेंटरमध्ये बसवून छापील वाक्ये वाचायला लावले गेले. अधिकाऱ्यांनी दर तीन वर्षांनी जागा बदललीच पाहिजे असा दंडक झाला. घरापासून दूरवर बदल्या झाल्या. काहींचे काम काढून घेतले गेले. रोज कार्यालयात यायचे आणि रिकाम्या टेबलाशी बसायचे. बाहेर नोकरी शोधा, स्वतःचा व्यवसाय काढा, अशी पत्रे सतत येत राहिली. सुमारे ४,००० व्यवस्थापकांना खास प्रशिक्षण देण्यात आले. जवळचे माणूस गेल्यावर आपण आधी नकार, मग राग, मग खिन्नता आणि शेवटी स्वीकार अशा पायऱ्यांतून जातो, असे मानसशास्त्रात सांगितले जाते. तीच शोकाची पायरी-पद्धत त्या प्रशिक्षणात शिकवली गेली, म्हणजे नोकरी गमावणारा माणूस कोणत्या पायरीवर आहे हे व्यवस्थापकाला ओळखता यावे. आणि किती माणसे गेली, यावर वरिष्ठांच्या मोबदल्याचा एक भाग ठरत होता. शोक करणाऱ्याला सावरण्यासाठी जन्मलेले ज्ञान त्याला बाहेर ढकलण्यासाठी वापरले जावे, याहून मोठी विटंबना आम्हांला तरी ठाऊक नाही.

२००८ आणि २००९ या दोन वर्षांत या कंपनीतील ३५ कर्मचाऱ्यांनी आपले जीवन संपवले. त्यांनी ते कोठे आणि कसे संपवले याचे तपशील आम्ही येथे देत नाही. ते देऊ नयेत, असेच आमचे मत आहे. जुलै २००९ मध्ये मार्सेय येथील एका कर्मचाऱ्याने मागे ठेवलेल्या पत्रात आपल्या मृत्यूचे कारण केवळ आपले काम आहे, असे स्पष्टपणे लिहिले, आणि तेथून हा विषय देशभर गाजला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये श्री. लोम्बार यांनी आत्महत्यांची ‘फॅशन’ थांबली पाहिजे असे उद्गार काढले. पुढे त्यांना त्याबद्दल क्षमा मागावी लागली. संघटनेने डिसेंबर २००९ मध्ये तक्रार दाखल केली. फेब्रुवारी २०१० मध्ये कामगार निरीक्षक श्रीमती सिल्वी काताला यांनी आपला अहवाल सरकारी वकिलांकडे धाडला. एका सरकारी निरीक्षिकेने देशातील सर्वांत बलाढ्य कंपन्यांपैकी एकीच्या प्रमुखांवर बोट ठेवावे, ही गोष्ट लहान नव्हती.

खटला उभा राहिला तो मे २०१९ मध्ये. न्यायालयापुढे ३९ पीडितांची प्रकरणे होती. त्यांपैकी १९ जणांनी जीव दिला होता, १२ जणांनी तसा प्रयत्न केला होता आणि ८ जण खोल नैराश्यात गेले होते. २० डिसेंबर २०१९ रोजी श्री. लोम्बार आणि त्यांचे दोन प्रमुख सहकारी दोषी ठरले. एक वर्षाचा कारावास, त्यातील आठ महिने स्थगित, आणि प्रत्येकी १५,००० युरो दंड. कंपनीला ७५,००० युरो दंड झाला. कायद्यात त्यापेक्षा अधिक दंडाची तरतूदच नव्हती. सप्टेंबर २०२२ मध्ये अपील न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवली, पण श्री. लोम्बार आणि त्यांच्यासह अपिलात गेलेल्या दुसऱ्या अधिकाऱ्याचा कारावास पूर्णपणे स्थगित केला. म्हणजे त्या दोघांना प्रत्यक्ष तुरुंगात जावे लागले नाही. एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाला १५,००० युरो म्हणजे काय, हे सांगायला नको. मृतांच्या कुटुंबीयांना यात न्याय दिसला नसेल तर त्यांना दोष देता येणार नाही.

तरीही निकालाचे महत्त्व शिक्षेच्या मोजमापात शोधू नये. बचाव पक्षाचा मुख्य मुद्दा साधा होता आणि वरवर पटण्यासारखाही होता. आम्ही या लोकांना कधी भेटलोही नाही. ज्याला पाहिलेही नाही त्याचा छळ आम्ही कसा करू? फ्रान्समध्ये कामाच्या जागेवरील मानसिक छळ हा जानेवारी २००२ च्या कायद्याने गुन्हा ठरला आहे. त्या कायद्याच्या शब्दांत छळणारा आणि छळलेला यांचा समोरासमोर संबंध असलाच पाहिजे असे कोठेही म्हटलेले नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये ठरवले. जाणूनबुजून आखलेल्या धोरणामुळे कर्मचाऱ्यांच्या कामाची परिस्थिती खालावत असेल, तर तो ‘संस्थात्मक मानसिक छळ’ होय.

आपण नेहमी काय म्हणतो ते आठवावे. “साहेब खडूस आहे.” “मॅडमचा स्वभावच तसा.” “त्याच्या नशिबी वाईट टीम लीडर आला.” कार्यालयातील विषारी वातावरणाचे निदान आपण नेहमी एखाद्या माणसाच्या स्वभावात शोधतो. खडूस साहेब असतात हे खरेच. पण त्या साहेबाच्या डोक्यावर लक्ष्य कोणी ठेवले, पाच जणांचे काम तिघांत करून घेतल्याबद्दल त्याला बढती कोणी दिली, आणि त्याच्याविरुद्ध आलेल्या तक्रारी कोणत्या कपाटात गेल्या, हे प्रश्न आपण विचारत नाही. मधल्या फळीतला व्यवस्थापक पुष्कळदा स्वतःच घाबरलेला असतो.

आता आपल्या देशाकडे येऊ. योगायोग असा की फ्रान्समध्ये खिडकी-दाराची भाषा झाली त्याच वर्षी, २००६ च्या नोव्हेंबरमध्ये, लखनऊ येथे एका मोठ्या कंपनीने आपल्या विक्री कर्मचाऱ्यांची एका हॉटेलात बैठक घेतली. स्वेच्छानिवृत्ती घ्यावी म्हणून तेथे कर्मचाऱ्यांवर दडपण आणले गेले, त्यांचा अपमान केला गेला, असा आरोप होता. २३ वर्षे नोकरी केलेल्या एका कर्मचाऱ्याने तेथेच जीव दिला. अधिकाऱ्यांवर आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा दाखल झाला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, म्हणजे जवळजवळ १८ वर्षांनी, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने तो खटला रद्द केला. भावनिक नाते आणि कार्यालयीन नाते यांत न्यायालयाने फरक केला. कार्यालयीन नात्यात थेट चिथावणी आणि तसा हेतू दिसल्याखेरीज हा गुन्हा सिद्ध होत नाही, असे ठरले.

न्यायालयाने जो कायदा समोर होता तो लावला. त्यात न्यायालयाचा दोष आम्ही काढत नाही. गुन्हा सिद्ध न झालेल्या व्यक्तींना दोषी म्हणण्याचाही आम्हांला अधिकार नाही. प्रश्न कायद्याचा आहे. आत्महत्येस प्रवृत्त करणे हा गुन्हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ३०६ मध्ये होता, आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १०८ मध्ये आहे. हे कलम जागे होते ते माणूस गेल्यानंतर. तोपर्यंत महिने न् महिने जे घडते, म्हणजे अपमान, अशक्य लक्ष्ये, मध्यरात्रीचे फोन, सर्वांसमोर काढलेली अक्कल, त्याला आपल्या कायद्यात नाव नाही. लैंगिक छळासाठी २०१३ चा कायदा आहे आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती बंधनकारक आहे. जो छळ लैंगिक नाही, त्यासाठी तशी समितीही नाही आणि तसा कायदाही नाही.

कामगार कायदे आहेत, असे कोणी म्हणेल. महाराष्ट्राने तर १९७१ सालीच एक दूरदर्शी कायदा केला. व्यवस्थापनाच्या धोरणाचे निमित्त पुढे करून कर्मचाऱ्याची वाईट हेतूने बदली करणे, ही गोष्ट त्यात अनुचित कामगार प्रथांच्या यादीत घातली गेली. पुढे केंद्रीय कायद्यातही ती आली. फ्रान्स टेलिकॉमचे अर्धे प्रकरण या एका ओळीत बसले असते! पण या कायद्यांचे छत्र ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांवरच असते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतील औद्योगिक संबंध संहितेनुसारही व्यवस्थापकीय वा प्रशासकीय काम करणारे, तसेच पर्यवेक्षकाचे काम करून महिना १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारे, कामगार ठरत नाहीत. मुंबईत १८,००० रुपयांत पर्यवेक्षक मिळतो का, हे वाचकांनीच सांगावे. दोन-चार जणांवर देखरेख करणारी, गळ्यात ओळखपत्र घालून पहाटेची लोकल पकडणारी आपली मुलगी कागदावर ‘लीड’ असते. त्या एका शब्दाने ती छत्राबाहेर जाते. तिच्या आजोबांना गिरणीत युनियन होती. तिला मनुष्यबळ विभाग आहे, आणि त्या विभागाला पगार कंपनी देते.

ही गोष्ट कल्पनेतली नाही, हे पुण्याच्या घटनेने दाखवून दिले. मार्च २०२४ मध्ये २६ वर्षांची एक तरुण सनदी लेखापाल पुण्यातील एका बहुराष्ट्रीय कंपनीत रुजू झाली. ती केरळची. जुलै महिन्यात तिचा मृत्यू झाला. सप्टेंबरमध्ये तिच्या आईने कंपनीच्या भारतातील प्रमुखांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध झाले आणि देश हळहळला. कामाच्या असह्य भाराने मुलगी खचली, आणि तिच्या अंत्यविधीला कार्यालयातून कोणीही आले नाही, असे त्या आईने लिहिले होते. मृत्यूचे कारण कामाचा ताण होता हे कंपनीने मान्य केले नाही, हेही नोंदवले पाहिजे. पण त्यानंतर महाराष्ट्राच्या कामगार विभागाने पाहणी केली तेव्हा आढळले की ते कार्यालय २००७ पासून दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंदणीविनाच चालू होते. अर्ज झाला होता तो फेब्रुवारी २०२४ मध्ये. दिवसाला जास्तीत जास्त ९ तास आणि आठवड्याला ४८ तास ही कामाची मर्यादा याच कायद्यात होती. सतरा वर्षे त्या दारावर एकाही निरीक्षकाने थाप मारली नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याने तर निरीक्षक हा शब्दच काढून त्या जागी ‘सुविधाकार’ हा शब्द आणला. सुविधा कोणाची, असे विचारावेसे वाटते.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा ९ वरून १० तास करण्यास मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा तशीच राहील असे सांगितले गेले. कागदावर ते ठीक दिसते. पण विरारहून अंधेरीला किंवा चर्चगेटला जाणाऱ्या माणसाच्या दिवसात दहा तासांखेरीज लोकलचे तीन तासही असतात, आणि ते कोणत्याही कायद्यात मोजले जात नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्रितपणे प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास वा अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ३५ टक्क्यांनी अधिक असतो, आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी. २०१६ या एका वर्षात जगात ७ लाख ४५ हजार माणसे याच कारणाने दगावली.

पुण्याच्या घटनेनंतर केंद्रीय अर्थमंत्री श्रीमती निर्मला सीतारामन यांनी महाविद्यालयांनी आणि कुटुंबांनी मुलांना ताण सोसण्याची आंतरिक शक्ती द्यावी, अशा आशयाचे विधान केले. त्यावर टीका झाली आणि ती योग्यच होती. मात्र टीका करताना आपणही आरशात पाहावे. ऑफिसात होणाऱ्या छळाने रडकुंडीला आलेल्या तरुणाला आपल्या घरांत आणि आपल्या धर्मग्रामांत काय सांगितले जाते? “सहन कर, प्रार्थना कर, देव मार्ग दाखवील, प्रत्येकाला आपला क्रूस असतो.” प्रार्थनेने बळ मिळते, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण जो भार एखाद्या कंपनीने नफ्यासाठी कोणाच्या खांद्यावर ठेवला, त्याला क्रूस म्हणणे आम्हांला धर्मशास्त्राच्या दृष्टीनेही चुकीचे वाटते. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरूम नोवारूम’ या परिपत्रकात कामगारांना संघटना करण्याचा हक्क आहे असे सांगितले, सहनशक्तीचे वर्ग काढा असे सांगितले नाही. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ चौदावे हे नाव घेतले, ते या परिपत्रकाचे स्मरण ठेवूनच, असे त्यांनी स्वतः कार्डिनल मंडळाला सांगितले आहे.

येथे एक अवघड गोष्ट बोलायला हवी. ख्रिस्तसभा ही या देशातील मोठ्या नियोक्त्यांपैकी एक आहे. आपल्या शाळा आहेत, रुग्णालये आहेत. त्यांच्या कीर्तीचा आपल्याला अभिमान आहे आणि तो रास्त आहे. परंतु व्यवस्थापन आणि धर्माधिकार जेथे एकाच व्यक्तीत एकवटतात, तेथे तक्रार करणे कंपनीतल्यापेक्षाही कठीण होते. ज्या सिस्टर मुख्याध्यापिका आहेत त्यांच्याविरुद्ध बोलणे म्हणजे सिस्टरांविरुद्ध बोलणे, असे शिक्षिकेला वाटते. ज्या फादरांकडे शाळेचे व्यवस्थापन आहे, त्यांच्याच हातून रविवारी कम्युनियन घ्यायचे असते. त्यात आपल्या भाषेतील ‘सेवा’ हा शब्द मोठा घात करतो. सरकारनेही तरुण शिक्षकांना २००० सालापासून ‘शिक्षण सेवक’ म्हणून तीन वर्षे तुटपुंज्या मानधनावर राबवले. २०२३ मध्ये ते मानधन वाढले, तेव्हा प्राथमिक शिक्षण सेवकाचे ६,००० वरून १६,००० झाले. खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्याची प्रथा देशभर गाजली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये लहान रुग्णालयांतही परिचारिकेला महिना किमान २०,००० रुपये मिळावेत अशी शिफारस केली. आपल्या प्रत्येक संस्थेत ही शिफारस पाळली जाते का, आणि तक्रार ऐकणारी, संस्थेच्या प्रमुखाच्या हाताखाली नसलेली अशी एखादी व्यक्ती तेथे आहे का? हा प्रश्न विचारल्याने संस्थांची बदनामी होते असे आम्ही मानत नाही.

माणसे कमी करणे कधी कधी अटळ असते. त्याची रीत मात्र एकच नसते. आपल्याच बीएसएनएल आणि एमटीएनएल यांच्यापुढेही फ्रान्स टेलिकॉमसारखाच पेच होता. २०१९ मध्ये त्यांनी ५० वर्षे व त्यावरील कर्मचाऱ्यांसाठी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली आणि ३१ जानेवारी २०२० रोजी बीएसएनएलचे सुमारे ७८ हजार, तर एमटीएनएलचे सुमारे १४ हजार कर्मचारी निवृत्त झाले. त्यात तक्रारी नव्हत्या असे नाही. त्या वर्षी पगारही रखडले होते. पण रक्कम आधी जाहीर झाली, तारीख जाहीर झाली, अर्ज करायचा की नाही हे ज्याने त्याने घरी बसून ठरवले. आपल्या धर्मग्रामांतही त्या दिवशी निवृत्त झालेले कित्येक जण आहेत. ते दारातून बाहेर पडले.

फ्रान्ससारखा कायदा आपल्याकडे व्हावा, ही मागणी झाली पाहिजे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जून २०१९ मध्ये कामाच्या जगातील हिंसा व छळ यांविरुद्ध १९० क्रमांकाचा करार संमत केला. २५ जून २०२१ पासून तो अमलात आला आहे. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. आपल्या खासदारांना हा एक प्रश्न तरी विचारता येईल. निवडणुकीत ते मंदिरांच्या आणि चर्चच्या दारापर्यंत येतातच.

पण कायदा होईपर्यंत आज रात्री अकरा वाजता घरी परतणाऱ्या मुलीने काय करावे? काही साध्या गोष्टी अनुभवी वकील सांगतात. जे घडले ते त्याच दिवशी तारीख, वेळ आणि उपस्थितांच्या नावांसह स्वतःच्या वहीत लिहून ठेवावे. तोंडी मिळालेली अवास्तव आज्ञा शांत शब्दांत ईमेलवर लिहून खात्री करून घ्यावी. नियुक्तीपत्र, वेतनपत्रके आणि कामाच्या तासांच्या नोंदी यांच्या प्रती घरी असाव्यात. रागाच्या भरात राजीनामा लिहू नये. समोर बसवून लिहून घेतला जात असेल तर सही करण्याआधी वेळ मागावा. कामाचे तास आणि नोंदणी याविषयीची तक्रार कामगार आयुक्तांच्या कार्यालयात करता येते. खाजगी शाळेतील शिक्षकांना १९७७ च्या कायद्याखाली शाळा न्यायाधिकरण आहे, हे अनेक शिक्षकांनाच माहीत नसते. आणि मन काळोखात बुडू लागले, जगण्यात अर्थ नाही असे वाटू लागले, तर क्षणभरही न थांबता कोणाशी तरी बोलावे. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. नोकरी सोडून घरी आलेल्या मुलाला त्या दिवशी पहिला प्रश्न कर्जाच्या हप्त्याचा विचारला जाऊ नये, एवढे आईवडिलांनी पाहावे.

फ्रान्समधील दोन कामगार संघटनांनी २००७ मध्ये, म्हणजे देशाला या विषयाचा पत्ता नव्हता तेव्हा, तणाव आणि सक्तीच्या बदल्या यांवर लक्ष ठेवणारी एक छोटी संस्था काढली होती. तिच्याकडे अधिकार नव्हते. तिने माहिती गोळा केली, तज्ज्ञांना बोलावले, कोठे काय घडते आहे ते मोजत राहिली. आपल्या प्रत्येक धर्मग्रामात वकील आहेत, सनदी लेखापाल आहेत, गिरणीत, बँकेत, टेलिफोन खात्यात युनियनचे काम करून निवृत्त झालेले कार्यकर्ते आहेत. त्यांपैकी तिघांनी महिन्यातून एका रविवारी मिस्सानंतर तासभर सभागृहात बसावे, येणाऱ्याचे म्हणणे गुप्त ठेवून ऐकावे आणि कोणत्या कार्यालयात कोणता अर्ज करायचा ते सांगावे, अशी आमची सूचना आहे. धर्मगुरूंनी त्यांना एक खोली आणि कुलूप असलेले एक कपाट द्यावे. आपल्याच शाळेतील शिक्षिका किंवा आपल्याच रुग्णालयातील परिचारिका त्या खोलीत आली, तर तिचेही म्हणणे त्याच वहीत लिहिले जावे.